पाय उचलला की गाडी का थांबते? इलेक्ट्रिक कारमधलं वन-पेडल ड्रायव्हिंग

इलेक्ट्रिक कार पहिल्यांदा चालवणारा माणूस वेगापेक्षा पाय उचलल्यावर जास्त दचकतो. पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी आपल्या वेगात बरंच अंतर जात राहते. इथे मात्र पाय हलका होताच गाडी मंदावायला लागते, अंग पुढे जातं, सीटबेल्ट छातीला टेकतो. काही गाड्या तर ब्रेकला पाय न लावता सिग्नलपाशी पूर्ण उभ्या राहतात. वेग वाढवायलाही तेच पेडल आणि कमी करायलाही तेच. यालाच वन-पेडल ड्रायव्हिंग म्हणतात.

शोरूममध्ये याची माहिती थोडक्यात मिळते: रेंज (म्हणजे एका चार्जिंगमध्ये कापता येणारं अंतर) वाढते, ब्रेक पॅड वाचतात, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही. हे सगळं काही अंशी खरंच आहे. पण मुख्य गोष्ट त्यात राहून जाते. या पद्धतीत अ‍ॅक्सिलरेटरचं कामच बदललेलं असतं. ते कसं बदललं, त्याच्या मर्यादा कुठे आहेत आणि दुसरं पेडल केव्हा लागतं, हे माहीत नसेल तर घाटात, पावसात किंवा कुणी अचानक आडवं आलं तर अंदाज चुकतो. म्हणून हा विषय जरा मुळापासून.

मोटर ब्रेक कशी लावते

ज्यांनी सायकलला डायनॅमो लावून अंधारातून प्रवास केला आहे, त्यांना यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. डायनॅमो टायरला टेकवला की दिवा लागायचा आणि त्याच क्षणी सायकल जड व्हायची. दिव्यातली वीज आपल्याच पायांतून येत होती. इलेक्ट्रिक कारमध्ये वेगळा डायनॅमो नसतो. गाडी ओढणारी मोटरच तेही काम करते.

बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या मोटरमध्ये बाहेरचा भाग स्थिर असतो आणि त्यात तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. आत फिरणाऱ्या रोटरमध्ये शक्तिशाली चुंबक बसवलेले असतात. इन्व्हर्टर नावाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बॅटरीतला प्रवाह घेऊन वेटोळ्यांमध्ये अशा क्रमाने सोडते, की तिथे एक फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र रोटरच्या थोडं पुढे ठेवलं की रोटर त्याच्यामागे ओढला जातो आणि गाडी पुढे जाते. तेच क्षेत्र रोटरच्या थोडं मागे ठेवलं की रोटर मागे खेचला जातो. गाडीचं धावतं वजन रोटरला पुढे फिरवू पाहतं, चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं. या ओढाताणीत गाडीच्या गतीतली ऊर्जा विजेत बदलते आणि इन्व्हर्टरमधून बॅटरीकडे परत जाते.

यात गिअर बदलत नाही, मोटर उलटी फिरत नाही, कुठलाही भाग दुसऱ्यावर घासत नाही. क्षेत्र पुढे ठेवायचं की मागे आणि किती, एवढंच इन्व्हर्टर ठरवतो, तेही सेकंदाला हजारो वेळा. म्हणूनच ओढण्याकडून अडवण्याकडे जाणं इतकं सलग होतं की पायाला मधला सांधा जाणवत नाही. या प्रकाराला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. गाडीवाल्यांच्या बोलण्यात नुसतं 'रिजन'.

रेल्वेला हे तंत्र जुनं आहे. मुंबईत २००७ पासून आलेल्या थ्री-फेज यंत्रणेच्या लोकल ब्रेक लावताना तयार झालेली वीज डोक्यावरच्या तारेत परत सोडतात आणि जवळपास धावणारी दुसरी लोकल ती वापरते. दिल्ली मेट्रोचा असाच प्रकल्प २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेत नोंदला गेला. रेल्वे क्षेत्रातला जगातला तो पहिला. कारमध्ये बीएमडब्ल्यूच्या २०१३ च्या आय-३ ने जोरदार रिजनची सवय लोकांना लावली. २०१७ मध्ये निसानने दुसऱ्या पिढीच्या लीफमध्ये 'ई-पेडल' आणलं. पाय उचलला की ही गाडी पूर्ण थांबायची आणि चढावरही जागच्या जागी उभी राहायची. आपल्याकडे मे २०२२ मध्ये आलेल्या टाटाच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्समध्ये रिजनच्या शून्य ते तीन अशा पायऱ्या मिळाल्या, महिंद्राच्या एक्सयूव्ही ४०० मध्ये त्यासाठी 'एल' मोड आला आणि बीई ६ मध्ये वन-पेडलची वेगळी सोय आली. स्कूटरवाल्यांसाठीही असंच काहीसं निघालं आहे: एथरच्या ४५० एपेक्समध्ये जानेवारी २०२४ पासून थ्रॉटल उलट्या दिशेने फिरवला की मोटर वेग कमी करते.

वीज किती परत मिळते

इथे आकडे मांडूनच बोलायला हवं, कारण याबद्दल फार मोठे दावे ऐकू येतात.

माणसांसह १,६०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. तिच्या गतीत सुमारे २२२ किलोज्यूल ऊर्जा असते. वीजबिलाच्या भाषेत ०.०६ युनिट. पेट्रोलच्या गाडीत ब्रेक लावला की ही सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड तापवून हवेत जाते. इलेक्ट्रिक गाडीत तिचा मोठा भाग बॅटरीत जातो, पण चाकाकडून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकाकडे येईपर्यंत साधारण तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाटेत हरवतो. हाती उरतात सुमारे ०.०४ युनिट. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला किलोमीटरला ०.१५ युनिटच्या आसपास वीज लागते असं धरलं, तर एकदा थांबण्यातून जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे मीटर चालण्याइतकी वीज परत मिळाली.

आकडा छोटा दिसतो. पण पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर किंवा मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी आपण किती वेळा थांबतो ते आठवा. दहा किलोमीटरमध्ये ताशी ४० वरून पंचवीस वेळा थांबावं लागलं, तर जास्तीत जास्त ०.४५ युनिट परत येऊ शकतात. जवळजवळ तीन किलोमीटर चालण्याची वीज. इलेक्ट्रिक गाडी शहरात चांगली रेंज देते आणि एक्सप्रेसवेवर कमी, त्याचं हे एक कारण. पेट्रोलच्या गाडीच्या अगदी उलट.

यातूनच एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट निघते. तिसरा हिस्सा वाटेत हरवत असेल, तर ऊर्जा बॅटरीत टाकून परत काढण्यापेक्षा ती गतीतच राहू देणं केव्हाही फायद्याचं. समोर लांबवर रस्ता मोकळा आहे आणि गाडी नुसती धावू देता येत आहे, तिथे रिजनने वेग कमी करून पुन्हा वाढवण्यात नुकसानच आहे. रिजन जितकं जास्त तितकी रेंज जास्त, हा समज त्यामुळे चुकीचा आहे. ज्या वेळी ब्रेक लावावाच लागणार होता, त्याच वेळी रिजनने वाचवलेली वीज ही खरी बचत.

दुसरा गैरसमज असा की ब्रेक पेडल दाबलं म्हणजे वीज वाया गेली. हे गाडीवर अवलंबून आहे. अनेक गाड्यांमध्ये ब्रेक पेडल दाबल्यावर संगणक आधी मोटरकडून जमेल तेवढं अडवून घेतो आणि कमी पडलं तरच डिस्कवर पॅड दाबतो. पोर्शच्या २०१९ च्या टायकानमध्ये पाय उचलल्यावर गाडी जवळपास मोकळीच धावते आणि रिजन ब्रेक पेडलवर ठेवलेलं आहे. रोजच्या वापरातलं सुमारे ९० टक्के ब्रेकिंग घर्षणाचे ब्रेक न वापरताच होतं, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं. टेस्लाच्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वायमध्ये नेमकं याच्या उलट आहे. तिथे ब्रेक पेडल थेट घर्षणाचे ब्रेक लावतं, त्यामुळे रिजन हवं असेल तर पाय उचलूनच मिळतं. मुंबईत जुलै २०२५ मध्ये टेस्लाचं दालन सुरू झालं, त्यामुळे हा फरक आता इथल्या रस्त्यांवरही आहे. तात्पर्य, ऊर्जा वाचवायला वन-पेडलच हवं असं नाही. वन-पेडल ही गाडी चालवण्याची एक पद्धत आहे आणि ती आवडते की नाही हा चालवणाऱ्याचा प्रश्न आहे.

पेडलची चाल

सवय करताना लक्षात ठेवायची गोष्ट एकच. पेट्रोलच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे इंजिनाकडे केलेली मागणी. पाय काढला की मागणी संपली. वन-पेडलमध्ये पेडलची वरपासून खालपर्यंतची चाल वाटून दिलेली असते. सगळ्यात वरचा पट्टा अडवण्याचा, खालचा मोठा पट्टा ओढण्याचा आणि दोघांच्या मध्ये एक अरुंद जागा, जिथे मोटर ओढतही नाही आणि अडवतही नाही. पाय पूर्ण काढणं ही आता निष्क्रिय कृती उरलेली नाही. ती रिजनचा सगळा जोर लावण्याची कृती आहे.

नवशिक्याच्या हातून गाडी धक्के खाते ती इथेच. जुन्या सवयीने तो पाय एकदम सोडतो, गाडी गचकन मंदावते, तो घाबरून पुन्हा दाबतो, मागचे प्रवासी पुढे-मागे होतात. उपाय म्हणजे ती मधली जागा पायाला ओळखीची करून देणं. बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर वीज किती जाते आणि किती येते याचा काटा किंवा पट्टी असते. मोकळ्या सपाट रस्त्यावर हा काटा शून्यावर धरून ठेवायचा सराव करावा. ही जागा वेगानुसार सरकते. वेग जास्त असेल तर ती पेडलच्या थोडी खाली असते, कमी असेल तर वर. एकदा पायाला ती सापडली की गाडी जिथे धावू द्यायची तिथे धावू देता येते आणि मंदावायची तिथे पाय मिलिमीटरने उचलून मंदावता येते. माझ्या मते वन-पेडलचा खरा आनंद इथेच आहे, दुसरं पेडल न वापरण्यात नाही.

मागच्या सीटवरच्यांचा विचारही करायलाच हवा. माणसाला गाडी लागण्यासाठी सगळ्यात वाईट हालचाल म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२ वेळा, म्हणजे दर पाचेक सेकंदांनी होणारी पुढे-मागे किंवा वर-खाली हालचाल. ट्रॅफिकमध्ये कच्च्या पायाने चालवलेलं वन-पेडल जवळजवळ याच लयीत हेलकावे देतं. चालवणाऱ्याला काही वाटत नाही, कारण पुढचा हेलकावा त्यानेच ठरवलेला असतो. मागे मोबाइल पाहत बसलेल्या मुलाला मात्र दहा मिनिटांत मळमळायला लागतं. घरात कुणाला गाडी लागत असेल तर ती व्यक्ती सोबत असताना रिजन कमी पायरीवर ठेवा.

घाट

महाराष्ट्रात आणि गोव्यात रिजनची खरी किंमत घाटात कळते. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलवर उतरू नका, हे ट्रकचालक आणि एसटीचे चालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कारण साधं आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला तर पॅड आणि डिस्क तापतात, ब्रेकचा जोर कमी होत जातो, आणि अगदी टोकाला ब्रेक ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पोकळ लागतं. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरतं.

इलेक्ट्रिक कारमध्ये हे रोखण्याचं काम मोटर करते, आणि इंजिनापेक्षा फार चांगलं करते. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरतो. १,६०० किलोच्या गाडीसाठी ही उंची म्हणजे सुमारे २.४ युनिट. पंधराएक किलोमीटरच्या उतारात टायर आणि हवेच्या विरोधात त्यातली काही ऊर्जा खर्च होते. साधारण दीड युनिट उरतं, ते एरवी ब्रेक तापवण्यात गेलं असतं. रिजनमुळे त्यातलं एक ते सव्वा युनिट बॅटरीत येतं आणि डिस्क जवळजवळ गारच राहतात. मला यातला वीज मिळण्याचा भाग दुय्यम वाटतो. साडेपाचशे मीटर उतरून खाली आल्यावर ब्रेक पूर्ण ताजे असणं ही फार मोठी गोष्ट आहे. खोपोलीजवळ कुणी आडवं आलं तर ते ब्रेक लागणार आहेत.

चढताना खर्च झालेली वीज उतरताना परत मिळते, असं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं: तोच घाट चढायला साडेतीन ते चार युनिट लागतात. परत येतं सव्वा. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलात तर सुमारे १,३०० मीटरचा उतार आहे, तिथे अडीच युनिटच्या आसपास मिळू शकते. पण वर जाताना लागलेल्या विजेच्या तुलनेत तेही थोडंच.

आता घाटातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी टेस्ट ड्राइव्हच्या वेळी फारसं कुणी सांगत नाही. रिजन म्हणजे चार्जिंग. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी वीज घेऊ शकत नाही, आणि मग मोटर अडवायचं कमी करते किंवा थांबवते. लोणावळ्यात किंवा महाबळेश्वरला हॉटेलच्या चार्जरवर गाडी रात्रभर लावली, सकाळी १०० टक्के भरलेली पाहून समाधान वाटलं आणि लगेच घाट उतरायला घेतला, तर काल संध्याकाळी पाय उचलताच मंदावणारी गाडी आज पाय उचलल्यावर मोकळी सुटते. काही गाड्या अशा वेळी आपणहून घर्षणाचे ब्रेक लावून तीच भावना टिकवतात, काही नुसता डॅशबोर्डवर इशारा देतात. तुमची गाडी काय करते ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि माथ्यावर मुक्काम असेल तर चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबेल असं लावून ठेवा. घाटात मिळणारी वीज उरलेल्या जागेत मावते.

थंडीतही असंच होतं. बॅटरी गारठलेली असताना तिच्यात वेगाने वीज ढकलली तर आतल्या लिथियमचा धातूच्या रूपात थर बसू लागतो आणि बॅटरीचं नुकसान होतं. म्हणून गाडी स्वतःच रिजन कमी करते. पुण्या-मुंबईत याची काळजी नाही. पण टोरोंटोत किंवा शिकागोत राहणाऱ्यांना जानेवारीच्या सकाळी पहिले काही किलोमीटर हे रोज जाणवतं, आणि इथून हिवाळ्यात मनालीकडे गाडी घेऊन जाणाऱ्यांनीही ते लक्षात ठेवावं.

दुसरं पेडल

रिजनचा जोर किती असतो? जोरदार मोडमध्ये बहुतेक गाड्या दर सेकंदाला सुमारे २ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ७ किलोमीटरच्या आसपास वेग कमी करतात. रोजच्या चालवण्याला तेवढं पुरतं. संकटाला पुरत नाही. ताशी ६० वरून नुसता पाय उचलून गाडी थांबायला सुमारे ७० मीटर लागतात. कोरड्या रस्त्यावर ब्रेक पूर्ण दाबला तर १७-१८ मीटर. ताशी ८० वरून हेच आकडे सुमारे १२३ आणि ३१ मीटर होतात. शिवाय वेग जास्त असेल तेव्हा तेवढाच जोर लावायला मोटर आणि बॅटरीला जास्त शक्ती हाताळावी लागते. ताशी ६० ला जे ५३ किलोवॉट असतं ते ताशी १०० ला ८९ किलोवॉट होतं. म्हणून अनेक गाड्यांत हायवेच्या वेगाला रिजनचा जोर शहरापेक्षा कमीच असतो.

याला सवयीची जोड मिळते आणि खरा धोका तिथे आहे. नेहमीच्या गाडीत सिग्नल जवळ आला, मूल रस्त्याकडे पळताना दिसलं, की पाय आपोआप ब्रेकवर जातो. वन-पेडलमध्ये अशा बऱ्याच प्रसंगी पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच राहतो, अगदी गाडी उभी असतानाही. घाबरल्यावर माणूस पायाखाली जे पेडल असेल तेच दाबतो. चीनने २०२५ मध्ये आपल्या ब्रेकच्या मानकात केलेला बदल याच चिंतेतून आला आहे. गाडी सुरू केल्यावर जो मोड आपोआप असतो, त्यात फक्त पाय उचलून गाडी पूर्ण थांबता कामा नये, असं त्यात म्हटलं आहे. निसाननेही लीफनंतरच्या अरियामध्ये ई-पेडलची पद्धत बदलली. ती गाडी मंदावते, पण शेवटचं थांबणं ब्रेक पेडलवर सोडते. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. आपल्या रस्त्यांवर तर जास्तच.

तुमची गाडी पूर्ण थांबत असली तरी दोन सवयी लावून घ्या. समोर गर्दी, शाळा, बाजार, गुरं असं काहीही दिसलं की पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून ब्रेकवर न दाबता ठेवा. रिजन तोवर आपलं काम करतच असतं. आणि गाडी उभी राहिली की पाय ब्रेकवर आणा. यात रेंजचं काही नुकसान नाही.

मागच्याला काय दिसतं

आपल्या मागे मोटारसायकली किती जवळून चालतात ते सांगायला नको. पाय उचलल्यावर गाडी मंदावली, पण ब्रेक लाइट लागला नाही, तर मागच्याला कळणार कसं? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत याचं उत्तर मंदावण्याच्या प्रमाणावर ठरवलं आहे. रिजनमुळे वेग कमी होण्याचा दर ०.७ मीटर प्रतिसेकंद वर्ग किंवा त्याहून कमी असेल तर ब्रेक लाइट लागू नये, ०.७ ते १.३ च्या मध्ये लागला तरी चालेल, आणि १.३ च्या वर लागलाच पाहिजे. १.३ म्हणजे दर सेकंदाला ताशी जवळपास पाच किलोमीटर वेग कमी होणं.

नियम चांगला, तरी गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये पळवाट राहू शकते. २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाईच्या आयोनिक ५ बद्दल असं दिसून आलं की सगळ्यात जोरदार मोडमध्ये पाय पेडलला अगदी हलका टेकलेला असेल तर गाडी जोरात मंदावूनही ब्रेक लाइट लागत नव्हता. तो पाय पूर्ण उचलल्यावरच लागायचा. कंपनीने नंतर सॉफ्टवेअर सुधारलं. आपल्या गाडीचं तपासणं सोपं आहे. रात्री ओळखीच्या माणसाला दुसऱ्या गाडीतून मागे यायला सांगा आणि मोकळ्या रस्त्यावर वेगवेगळ्या पायऱ्यांवर पाय उचलून बघा. काही गाड्यांच्या पडद्यावर स्वतःच्याच गाडीचं चित्र असतं आणि ब्रेक लाइट लागला की त्यातही दिवे लाल होतात.

पाऊस, खड्डे आणि गंज

घर्षणाचे ब्रेक चारही चाकांना असतात. रिजन मात्र फक्त मोटर जोडलेल्या चाकांना. नेक्सॉन ईव्हीमध्ये ती पुढची, बीई ६ मध्ये मागची. मोटर मागे असलेल्या गाडीत निसरड्या वळणावर पाय एकदम उचलला तर सगळा अडवण्याचा जोर मागच्या चाकांवर येतो आणि मागचा भाग सरकू पाहतो. गाडीची स्थिरतेची यंत्रणा सावरते, पण कोकणातल्या पहिल्या पावसात, जेव्हा रस्त्यावर चिखल आणि ऑइलचा थर असतो, तेव्हा रिजन एक-दोन पायऱ्या कमी करून चालवणं चांगलं.

खड्ड्यातही एक वेगळा अनुभव येतो. चाक क्षणभर हवेत उचललं किंवा घसरलं की संगणक रिजन ताबडतोब सोडून देतो, कारण आता चाकाची पकड एबीएसला, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, सांभाळायची असते. त्या क्षणी गाडी पुढे सुटल्यासारखी वाटते. २०१० मध्ये टोयोटाने प्रियस आणि इतर हायब्रिड (इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या) गाड्या मिळून जगभरातल्या चार लाखांहून जास्त गाड्या याच प्रकारच्या तक्रारीमुळे परत बोलावून सॉफ्टवेअर बदललं होतं. आताच्या गाड्यांत हे बरंच सुधारलं आहे, तरी स्पीडब्रेकरच्या अलीकडचा खड्डेमय तुकडा ब्रेक पेडलवरच पार करा.

आणि ब्रेक न वापरण्याचाही त्रास आहे. पॅड फार काळ टिकतात हे खरं. युरोपच्या वाहन-प्रदूषणाच्या युरो ७ नियमांत ब्रेकच्या धुळीवर पहिल्यांदा मर्यादा आली, तेव्हा इलेक्ट्रिक कारसाठी किलोमीटरला ३ मिलिग्रॅम आणि पेट्रोल-डिझेलच्या बहुतेक कारसाठी ७ अशी ती ठरली, इतका दोघांत फरक धरला जातो. पण डिस्क लोखंडी असते आणि पॅडने घासली गेली नाही की पावसाळ्यात तिच्यावर गंज चढतो. तो वाढला तर ऐन वेळी ब्रेकचा जोर चारही चाकांवर सारखा पडत नाही. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ च्या मागच्या चाकांना बंदिस्त ड्रम ब्रेक दिले ते याच कारणाने. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यासारख्या खाऱ्या हवेत गाडी असेल तर आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, रिजन शून्यावर ठेवा आणि ब्रेक दोन-चार वेळा जरा जोराने दाबा. डिस्क घासून स्वच्छ होते.

घरात एक पेट्रोलची आणि एक इलेक्ट्रिक अशा दोन गाड्या असतील, किंवा एकच गाडी तीन माणसं चालवत असतील, तर आणखी एक काळजी घ्यावी. काही गाड्या शेवटचा मोड लक्षात ठेवतात, काही बंद करून सुरू केल्यावर मूळ पायरीवर परत येतात. तुम्ही तीनवर चालवून किल्ली वडिलांच्या हातात दिली आणि त्यांना शून्याची सवय असेल, तर पहिल्याच वळणावर त्यांना गाडी वेगळीच लागेल. गाडी हातात घेतली की आरसे आणि सीट जुळवतो, तसं रिजनची पायरीही बघायची. मग सोसायटीच्या आवारातच एकदा पाय उचलून, ती किती मंदावते याचा अंदाज घेऊन बाहेर पडायचं.